पोटर काउंटीच्या अरण्याची कुळकथा



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, अगदी उत्तरेच्या कडेला, पोटर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जातीची गोष्ट. विस्तार सुमारे १,०८० चौरस मैल, आणि २०२० च्या शिरगणतीत माणसे अवघी १६,३९६. आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव याहून मोठे भरेल. तेथील लोक आपल्या मुलखाला 'देवाचा मुलूख' म्हणतात. माझे आजचे म्हणणे एवढेच की, या मुलखात देवाचा वाटा किती तो असो, पण माणसाच्या हातांचा वाटा फार मोठा आहे आणि पाहुण्यांना तो सहसा दिसत नाही.

पाहुणे येतात ते रान पाहायला. बहुतांशी याच काउंटीत पसरलेले सस्क्वेहॅनॉक नावाचे सरकारी जंगल दोन लाख साठ हजार एकरांहून मोठे आहे. त्याच्या मध्यावर चेरी स्प्रिंग्ज नावाचे ८२ एकरांचे उद्यान आहे. आसपास मोठे शहर नाही, दिव्यांचा झगमगाट नाही, म्हणून तेथे रात्री आकाश असे दिसते की आकाशगंगा शोधावी लागत नाही. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय 'अंधाऱ्या आकाशाचे उद्यान' म्हणून मान्यता मिळाली. याच काउंटीत एक उंचवटा असा आहे की, त्याच्या एका उतारावरचे पाणी मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातात, दुसऱ्या उतारावरचे ऑन्टॅरिओ सरोवरात आणि तिसऱ्यावरचे चेसापीकच्या उपसागरात जाते.

ओल बुल या नावाचेही एक उद्यान आहे. हा नॉर्वेचा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक. १८५२ मध्ये त्याने येथे अकरा हजारांवर एकर जमीन घेऊन आपल्या देशबांधवांची वसाहत मांडली. जमीन उभ्या चढाची, त्यातही सपाट आणि कसदार भाग विकणाऱ्याने स्वतःकडे राखून ठेवलेला. वर्षभरात स्वप्न ओसरले आणि माणसे पश्चिमेकडे निघून गेली. असो.

खरी कथा हेमलॉकची. सॉक्रेटिसाला पाजलेल्या विषाच्या रोपट्याचा आणि या वृक्षाचा नावापलीकडे संबंध नाही. हा उंच सूचिपर्णी वृक्ष, आणि १९३१ पासून पेनसिल्व्हेनियाचा राज्यवृक्ष. लाकूड साधारण, पण सालीत कातडे कमावण्याचा रस भरपूर. आपले चर्मकार ज्या कामाला बाभळीची साल वापरीत, त्याच कामाला तेथे हेमलॉकची साल लागे. वसंतात झाडाचा रस चढला की साल सुटी होते. म्हणून उन्हाळाभर साल सोलायची आणि बर्फ पडले की ओंडके ओढायचे. प्रारंभी तर कित्येक ठिकाणी साल तेवढी नेत आणि सोललेला वृक्ष जागीच कुजू देत. पुढे रेल्वे आली, वाफेच्या गिरण्या आल्या, आणि दऱ्याच्या दऱ्या उघड्या पडल्या.

हे काम करणाऱ्या लाकूडतोड्यांना त्या भागात 'वुडहिक' म्हणत. म्हणजे रानातला गावंढळ. ज्याच्या घामावर धंदा चालतो त्याला हिणकस नाव ठेवण्याची रीत सर्व देशांत सारखीच दिसते. कामगारांत तीस वर्षे वावरल्यावर मला तिचे नवल उरलेले नाही.

आता ऑस्टिन या गावाकडे वळू. वस्ती दोन-अडीच हजारांची. मोठे ओंडके संपत आले तेव्हा, १९०० च्या सुमारास, उरल्यासुरल्या बारीक लाकडाचा लगदा करून कागद बनविणारी बेलिस कंपनीची गिरणी येथे आली. गिरणीला पाणी हवे, म्हणून गावाच्या वर सुमारे दीड मैलावर १९०९ मध्ये पन्नास फूट उंचीचा काँक्रीटचा बांध घातला. पाण्याच्या बाजूने पायात खोल भिंत उतरवावी असे आराखडा करणाऱ्या इंजिनिअराने सुचविले होते. मालकाने खर्चाकडे बोट दाखवून ते नाकारले. लगेच पुढच्या जानेवारीत बांध पायथ्याशी सरकला, त्याला तडे गेले, मधला भाग फुगून पुढे आला. पाणी तेवढे सोडून दिले. इंजिनिअरांनी दुरुस्ती लिहून दिली, ती झाली नाही, आणि तलाव पुन्हा भरू दिला.

गावाने हे पाहिले नव्हते असे नाही. सर्वांनी पाहिले होते. पण ज्या गावात एकच गिरणी असते त्या गावाला बोलण्याची किंमत ठाऊक असते. गिरणी उठून गेली तर चूल कशी पेटणार? हा प्रश्न मालकाला तोंडाने विचारावा लागत नाही, तो कामगाराच्या घरात आपोआप विचारला जातो. भित्रेपणा म्हणून त्याची टर उडविणाऱ्याने एकदा एका पगारावर चालणाऱ्या घरात राहून पाहावे.

३० सप्टेंबर १९११, शनिवार, दुपारी दोनचा सुमार. पावसाने तलाव तुडुंब भरला होता. बांध फुटला. टेलिफोनवर काम करणाऱ्या मुलींनी जागा न सोडता शक्य तितक्यांना सावध केले. पाण्याने गिरणीच्या आवारातील लाकडाच्या राशी उचलल्या आणि त्या गावावर आणून आदळल्या. मागाहून फुटलेल्या गॅसच्या नळांनी आग लागली. ७८ माणसे गेली. १२ जुलै १९६१ चे पानशेत ज्यांनी पाहिले किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्यांना अधिक सांगायला नको.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, पेनसिल्व्हेनियाने बांधांवर सरकारी देखरेख ठेवणारा कायदा केला. असले कायदे अशाच रीतीने होतात, माणसे आधी आणि कलमे मागाहून. फुटक्या बांधाच्या प्रचंड भिंती आजही ओढ्याच्या कडेला तिरप्या उभ्या आहेत. तेथे स्मारक-उद्यान झाले आहे. माझ्या मते त्या काउंटीत पाहण्यासारखी याहून मोलाची वस्तू दुसरी नाही.

१९२० च्या आसपास रान संपले. उरले बुंधे, वाळक्या फांद्या आणि त्यांवर वर्षानुवर्षे पेटणारे वणवे. लोक त्या भागाला 'पेनसिल्व्हेनियाचे वाळवंट' म्हणू लागले. लाकूड नेऊन झाल्यावर कंपन्यांना जमिनीचा करही जड वाटला. पुष्कळांनी ती तशीच सोडली. डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉथ्रॉक यांच्या खटपटीने १८९७ पासून राज्याने असल्या टाकलेल्या जमिनी स्वस्तात घेण्यास सुरुवात केली होती. जे लुटून नेले त्याचा नफा खाजगी, आणि जे उजाड उरले ते सार्वजनिक!

पण ते सार्वजनिक झाले, हेच पुढे कामी आले. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांचे वनसंवर्धन दल उभारले. महिना ३० डॉलर, त्यांतले बहुधा २५ परस्पर घरी. रोजी एका डॉलरवर माणसे राबविली तर मजुरीचा दर पडेल, म्हणून कामगार संघटनांनी प्रथम विरोध केला, आणि तो रास्त होता. तेव्हा रूझवेल्टनी यंत्रकामगारांच्या संघटनेचे उपाध्यक्ष रॉबर्ट फेक्नर यांनाच दलाचे प्रमुख केले. दलात दोषही होते; काळ्या तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवीत. तरी पोटरच्या डोंगरांत या पोरांनी रस्ते काढले, रोपे लावली, वणवे विझविले. चेरी स्प्रिंग्जचा ओंडक्यांचा मंडप १९३९ मध्ये त्यांनीच बांधला.

सारे झाड त्यांनीच लावले असे मी म्हणणार नाही. बरेचसे आपोआप उगवले. पण वणवा आवरल्यावाचून ते टिकले नसते. आणि उगवले ते जुने रान नव्हेच. जेथे हेमलॉक आणि पाइन होते तेथे आता काळी चेरी आणि मेपल आहेत. हेमलॉक जो थोडाफार उरला, त्याला आशियातून आलेला, कापसासारखे पुंजके धरणारा एक बारीक कीटक लागला आहे आणि वनखाते त्याच्याशी झुंजते आहे.

डेंटन हिलजवळ १९७२ मध्ये उघडलेल्या लाकूड-संग्रहालयात जुनी छावणी आणि गिरणी मांडून ठेवली आहे. दर जुलैमध्ये तेथे 'साल सोलणाऱ्यांची परिषद' भरते. नाव परिषदेचे असले तरी तो उत्सव असतो. करवती चालतात, खेळ होतात, मुले ओंडके लोटून पाहतात.