रोमानॉव्ह हत्याकांड : न्यायवैद्यकीय तपास
रशियाचा पदच्युत झार दुसरा निकोलस (१८६८–१९१८), राणी अलेक्झांड्रा, त्यांची पाच मुले, वैद्य व तीन सेवक यांना बोल्शेव्हिकांनी १६–१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबर्ग येथे ठार केले. हुकूम लेनिनचा की उरल सोव्हिएटचा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याचा निर्णय हाडांवरून होणारा नाही. प्रेते लपविल्यामुळे कोणी तरी वाचल्याच्या वदंता मात्र दीर्घकाळ टिकल्या. १९९१ मध्ये शहराबाहेरील खड्ड्यातून नऊ सांगाडे काढण्यात आले. त्यांत युवराज व एक राजकन्या यांचे अवशेष नव्हते.

पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए केवळ मातेकडून संततीत उतरतो व जुन्या हाडांतही पुष्कळदा टिकून राहतो. इंग्लंडमध्ये झालेल्या परीक्षणात राणी व तीन मुली यांचा हा डीएनए राणीच्या बहिणीचे नातू प्रिन्स फिलिप यांच्याशी जुळला. झारच्या बाबतीत अडचण आली. त्याच्या डीएनएत एकाच स्थानी दोन भिन्न घटक आढळले. हयात मातृवंशीय नातेवाइकांत त्यांपैकी एकच होता. शंकेखोरांना एवढे पुरेसे होते. अखेर १९९४ मध्ये झारचा भाऊ जॉर्ज (मृत्यू १८९९) याची कबर उघडण्यात आली. त्याच्या हाडांतही तेच दुर्मिळ मिश्रण मिळाले आणि जी विसंगती आक्षेपाचे कारण होती, तीच ओळखीचा भक्कम पुरावा ठरली.

आपण राजकन्या अनास्तासिया असल्याचे आयुष्यभर सांगणाऱ्या एका स्त्रीचा दावाही १९९४ मध्येच, तिच्या मृत्यूनंतर, जतन केलेल्या ऊतकाच्या परीक्षणाने खोटा ठरला. २००७ मध्ये पहिल्या खड्ड्याजवळच जळक्या हाडांचे तुकडे सापडले; ते युवराज अलेक्सी व उरलेली राजकन्या यांचे असल्याचे निश्चित झाले.