घर दुरुस्त करायचं, पण कुठल्या सालापर्यंत मागे जायचं?

आजची गोष्ट एका घराची. त्यात राहिलेला माणूस जगप्रसिद्ध, पण घराची वाट लावली ती उंदीर, गुरं आणि वाळवीने.

सेंट हेलेना हे दक्षिण अटलांटिकमधलं छोटंसं बेट. तेव्हा ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं. हो, तीच कंपनी, जिने १८१८ मध्ये पेशवाई संपवली. हिंदुस्थानातून परतणारी जहाजं पाणी भरायला इथे थांबायची. वॉटर्लूच्या पराभवानंतर इंग्रजांनी नेपोलियनला याच बेटावर आणलं. डिसेंबर १८१५ पासून ५ मे १८२१ ला मरेपर्यंत तो लाँगवुड हाउसमध्ये राहिला.

हे घर म्हणजे मुळात कंपनीच्या शेतावरचं कोठार. पुढे डागडुजी करून राहण्याजोगं केलेलं. त्यामुळे ओल कायमची, आणि उंदीर तर विचारूच नका! नेपोलियनच्या सोबत्यांनी आठवणींत उंदरांबद्दल भरभरून तक्रारी केल्यात. लाकडी जमीन कुरतडून ते थेट खोल्यांत यायचे.

नेपोलियन गेला आणि घर पुन्हा शेतीच्या कामाला लागलं. झोपायच्या खोलीत जनावरं बांधली गेली. ज्या दिवाणखान्यात त्याने प्राण सोडला, तिथे मळणीचं यंत्र बसलं. १८४० मध्ये त्याचं शव फ्रान्सला न्यायला त्याचे जुने सोबती आले, ते हे बघून हादरलेच.

गंमत म्हणजे, त्याच सुमारास बेटावर नवा पाहुणा उतरला. गुलामांची वाहतूक करणारं एक जहाज पकडून जेम्सटाउनमध्ये मोडलं होतं. त्याच्या लाकडातून वाळवी आली, असं मानतात. तिने पुढच्या काही वर्षांत अर्धं शहर पोखरलं. काही इमारती कोसळल्या. पुन्हा बांधताना लोकांनी लोखंडी रूळ आणि वाळवी न लागणारं लाकूड वापरलं.

१८५८ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने लाँगवुड आणि काकांच्या थडग्याची जागा ७,१०० पौंडांना फ्रान्ससाठी घेतली. फ्रेंच लष्करी इंजिनिअरांनी घर पूर्वीसारखं केलं. पण वाळवी कुठे ऐकते? विसाव्या शतकात तिने घर इतकं खाल्लं, की १९४० च्या दशकात ते पाडूनच टाकायचा विचार झाला. शेवटी वाचलं. समोरच्या दगडी पायऱ्या नेपोलियनच्या काळातल्या आहेत, लाकूडकाम मात्र पुन:पुन्हा बदललेलं.

आमच्या भाषेत हा रोलबॅकचा प्रश्न आहे. कोड बिघडला की आम्ही जुन्या व्हर्जनला जातो. पण कुठल्या, ते आधी ठरवावं लागतं. लाँगवुडसाठी ठरलं १८२१. म्हणजे १८२१ ते १८५८ ही गुरांची सदतीस वर्षं 'बिघाड' ठरली. पण तिथे राबणाऱ्या माणसांसाठी तोच खरा इतिहास नव्हता का?

हे मला आत्ता का सुचतंय? कोकणातल्या आमच्या घराचं काम काढलंय. काका म्हणतात, सगळं लाकूड काढून स्लॅब टाकू. माजघरातल्या तुळईत बोट घातलं तर भुसा पडतो, ती बदलायलाच हवी, त्यात भावनेला जागा नाही. पण पडवीच्या खांबाला एक खोल खाच आहे. तिथे वर्षानुवर्षं बैल बांधायचे, दाव्याने घासून घासून पडलेली. खांब ठणठणीत आहे. सुतार म्हणाला, रंधा मारून सपाट करतो. मी म्हटलं, नको, राहू दे.

माझा साधा नियम असा: ज्याने छप्पर खाली येईल ते बदला. ज्याने फक्त 'जुनं' दिसतं, त्याला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही खूण कोणाची? उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. खांब पुढेमागे बदलावाच लागला, तरी गोष्ट शिल्लक राहील.

चला, भेटू पुढच्या भागात!