कन्हार जमीन
कन्हार ही पूर्व विदर्भातील काळसर, भारी व चिकण जमीन होय. चामोर्शी परिसरात (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्हा, नंतर गडचिरोली) रंग, पोत व खोलीनुसार जमिनीचे कन्हार, मोरांड, खर्डी, बर्डी असे प्रकार मानले जातात. बर्डी हलकी व मुरमाड असते. कन्हार ओलाव्याने फुगते, वाळल्यावर भेगाळते. मृदाशास्त्रातील ‘व्हर्टिसॉल’ गणात तिचा समावेश करण्यास केवळ काळा रंग पुरेसा नसतो. त्यासाठी खड्डा खणून किमान ३० टक्के चिकणकण, हंगामी भेगा आणि खालच्या थरात घर्षणाने गुळगुळीत झालेले मातीचे पृष्ठभाग तपासावे लागतात. चराऊ रानात हा भेद महत्त्वाचा ठरतो: ओल्या कन्हारीत गुरे सोडल्यास माती तुडवली जाऊन घट्ट होते, पाणी मुरणे मंदावते व गवताची वाढ खुंटते.