पैठणच्या वरचे पाणी

गोदावरी लवादाच्या निवाड्याला जोडलेले करार वाचताना मी एका कलमापाशी दरवेळी थांबतो. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात झालेल्या करारातले ते कलम. पैठण धरणाच्या जागेपर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणाच्या जागेपर्यंतचे पूर्णेचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे, असा त्याचा आशय. त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या टापूत मात्र नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची, म्हणजे ६० अब्ज घनफुटांची मर्यादा.

कृष्णेचे पाणी बच्छावत लवादाला आकडे घालून वाटावे लागले. महाराष्ट्राला ५६० टीएमसी मिळाले. गोदावरीचा लवादही त्याच वर्षी, १९६९ साली, त्याच न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. पण इथे राज्यांनी दोघादोघांत करार केले, डिसेंबर १९७५ मध्ये पाचही राज्यांनी ते मान्य केले आणि १९८०च्या निवाड्याने त्यांवर शिक्कामोर्तब केले. या तडजोडीतली खरी हुशारी मला त्या कलमात दिसते. पाणी मोजण्याऐवजी नदीवर रेघ ओढली. रेघेच्या वर किती पडले, किती अडवले, याचा हिशेब दरवर्षी शेजाऱ्याला देण्याची गरजच उरली नाही. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, गोदाकाठच्या नांदेडचे. पुढच्या फेब्रुवारीत जायकवाडीचे उद्घाटन झाले.

बाहेरच्याशी भांडण मिटले, पण रेघेच्या वर ‘महाराष्ट्र’ नावाचा एकच गडी नव्हता. तिथे नाशिक-नगर होते. दारणा १९१६चे, भंडारदरा १९२६चे, त्यांच्या कालव्यांवर उभा ऊस. आणि अगदी रेघेवर होते जायकवाडी, मराठवाड्याचे. प्रकल्पाच्या नियोजनात पैठणपर्यंत सुमारे १९६ टीएमसी पाणी धरून वरच्यांना ११५ आणि जायकवाडीला ८१ अशी मांडणी होती. पण ती अहवालातली मांडणी. आंध्रशी झाला तसा, दोन पक्षांनी समोरासमोर बसून केलेला करार नव्हे. वर धरणे वाढत गेली, खाली जायकवाडी वर्षानुवर्षे अर्धवट भरू लागले. भाऊबंदकीत सातबारा एकाच्या नावावर राहिला की जे होते, ते झाले.

२००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने प्रथमच तत्त्व सांगितले: ऑक्टोबरअखेर, खरिपातला वापर धरून, खोऱ्यातल्या सर्व धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी. तत्त्व सुंदर, पण दरवाजा कोणी, कधी, किती उचलायचा हे त्यात नाही. २०१२चा दुष्काळ आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१३ साली मेंढेगिरी समितीने जो तोडगा दिला, त्यातला एक आकडा आता दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे: ६५. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के जिवंत साठा, म्हणजे सुमारे ५० टीएमसी असेल, तर वरून सोडायचे नाही. कमी असेल तर तक्त्याप्रमाणे सोडायचे. प्राधिकरणाने २०१४ साली तो आदेशात आणला, २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाणी सोडण्याची ही व्यवस्था कायम ठेवली.

मराठवाड्यातले जाणकार विचारतात, कायदा ‘सारखी टक्केवारी’ म्हणतो, मग वरची धरणे शंभर टक्के भरली असता आमची ६५वर बोळवण का? माझ्या मते हा आक्षेप रास्त आहे. वरच्यांचाही एक आक्षेप मला टाळता येत नाही. कोरड्या पात्रातून शेकडो किलोमीटरच्या वाटेवर सोडलेल्या पाण्यातले किती वाळूत जिरते, याची किंमत त्यांच्याच धरणातून वजा होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश अमलात आला. त्याआधी नदीवरच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या गेल्या, काठावरच्या मोटारींची वीज तोडली गेली, पात्रालगत पोलीस उभे राहिले. आंध्रच्या सीमेवर १९७५ नंतर, पैठणच्या वरच्या पाण्यासाठी, असे कोणाला उभे राहावे लागलेले नाही.