चित्रकार रझांचा मूळ अधिवास

सिंधीपुऱ्यातील आमच्या घरी परगावचा पाहुणा आला म्हणजे त्यास प्रथम तापीचा घाट दाखवावयाचा आणि तेथून बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत न्यावयाचे, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. फारुकी घराण्याच्या आदिलशहाने उभारलेल्या ह्या मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. शके १५११, म्हणजे इसवी सन १५९० च्या सुमाराचा हा लेख. परमेश्वरास वंदन करून तो राजवंशाची नामावळी सांगतो आणि आपल्या पंचांगाच्या रीतीने काल नोंदवितो. मशिदीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरे पाहून पाहुण्यास नवल वाटते. आम्हां गावकऱ्यांना ती लहानपणापासून ओळखीची असतात.

गेल्या पावसाळ्यात कोकणातील एक वयोवृद्ध स्नेही आले होते. मशीद पाहून आम्ही घरी परतलो, तेव्हा बैठकीतल्या एका चित्राच्या छापील प्रतीकडे त्यांचे लक्ष गेले. चौकटीच्या मध्यभागी मोठा काळा बिंदू आणि त्याभोवती रंगांचे पट्टे. "वकीलसाहेब, हे कशाचे चित्र?" त्यांनी विचारले. मी चित्रकाराचे नाव सांगितले, सय्यद हैदर रझा. त्यावर ते काहीसे संकोचाने म्हणाले, "माणूस मुसलमान, हयात गेली फ्रान्समध्ये, आणि चित्रात तर ओळखीचे काहीच नाही. हे आपले कसे म्हणावे?" प्रश्न सरळ होता आणि तो सरळच उत्तरास पात्र आहे.

कायद्यात 'अधिवास' म्हणून एक कल्पना आहे. मनुष्य जन्मतो तेव्हा पित्याचा अधिवास त्याला लाभतो. हा त्याचा मूळ अधिवास. पुढे तो दूरदेशी कितीही वर्षे राहिला, तरी केवळ वास्तव्याने हा अधिवास सुटत नाही. तेथेच कायमचे राहण्याचा त्याचा निश्चय सिद्ध व्हावा लागतो. आणि स्वेच्छेने पत्करलेला अधिवास त्याने सोडला की मूळचा अधिवास आपोआप पुन्हा जागा होतो, असे इंग्लिश कायद्याचे जुने सूत्र आहे. रझांच्या प्रकरणाचा विचार मी ह्याच पद्धतीने करतो.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया ह्या खेड्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. त्यामुळे घराभोवती सातपुड्याचे अरण्य आणि जवळच नर्मदा. रात्रीच्या रानाचे भय, गोंडांच्या नृत्यातून मिळणारा माणसाचा दिलासा, उजाडताच परतणारा धीर आणि बाजाराच्या दिवशी उसळणारे रंग, ह्या आठवणी त्यांनी उतारवयापर्यंत वारंवार सांगितल्या. शाळेत हा मुलगा फार चंचल. तेव्हा मुख्याध्यापक नंदलाल झारिया ह्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि दुसरे सारे विसरून त्याकडे पाहत बसण्यास त्याला सांगितले. त्या क्षणी ही केवळ शाळामास्तरांची युक्ती होती. तिचा अर्थ कळण्यास विद्यार्थ्याला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

त्या काळी मंडला काय आणि आमचे बऱ्हाणपूर काय, दोन्ही मध्यप्रांतात मोडत असत आणि सर्वांची राजधानी नागपूर. तेव्हा दमोहचे शालेय शिक्षण आटोपून रझा १९३९ मध्ये चित्रकला शिकण्यास नागपुरास गेले, ह्यात आश्चर्य नाही. तेथून १९४३ मध्ये ते मुंबईस आले. ब्लॉक तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करीत त्यांनी चित्रे काढली आणि सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण पुरे केले. १९४७ मध्ये त्यांनी मित्रांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली. त्या मंडळात गोव्याचे सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, विदर्भाचे गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि आरा हे त्यांचे सोबती होते. मूळचे गोव्याच्या कुटुंबातले गायतोंडे पुढे त्यांना येऊन मिळाले. मराठी आणि कोंकणी मुलुखाचा हा संबंध आपल्या वाचकांनी ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. रझांची भावंडे आणि प्रथम पत्नी पाकिस्तानात गेली. आई १९४७ मध्ये आणि वडील १९४८ मध्ये निवर्तले. जाण्यास मार्ग मोकळा होता आणि राहण्यास घर उरले नव्हते. तरीही रझा येथेच राहिले. लहानपणी मंडल्यात आपण गांधीजींना पाहिले होते, त्यांचा देश सोडणे आपणास अपराधासारखे वाटले, असे कारण ते पुढे देत असत. न्यायालयात हेतू सिद्ध करावयाचा असेल, तर ह्याहून बळकट पुरावा क्वचितच सापडेल.

मग ते परदेशी का गेले? १९४८ मध्ये ते चित्रे काढण्यासाठी काश्मिरात हिंडत असता श्रीनगरात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यांची गाठ पडली. रझांची चित्रे पाहून त्यांनी अभिप्राय दिला की हातात कसब आहे, परंतु चित्रांना बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. टीका झोंबणारी होती. रझांनी ती मनावर घेतली, मुंबईस परतून फ्रेंच भाषा शिकण्यास आरंभ केला आणि शिष्यवृत्ती मिळवून १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचे मानाचे पारितोषिक त्यांना मिळाले; परदेशी चित्रकारास ते मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. १९५९ मध्ये त्यांनी चित्रकर्त्री जानीन मोंजिला हिच्याशी विवाह केला आणि फ्रान्स हेच त्यांचे घर झाले.

येथून त्यांच्या कलेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. आरंभी फ्रान्सच्या दक्षिणेकडील खेडी, घरे, चर्चे आणि झाडे त्यांच्या चित्रांत स्पष्ट ओळखू येतात. मग जाड तैलरंगात घरांच्या कडा विरघळू लागल्या. १९६२ मध्ये अध्यापनाच्या निमित्ताने ते अमेरिकेत बर्कलीला गेले. तेथे रॉथको ह्या चित्रकाराचे काम त्यांनी पाहिले आणि रंग स्वतःच्या बळावर चित्र तोलून धरू शकतो, ही जाणीव दृढ झाली. ह्यानंतर त्यांच्या चित्रांत फ्रान्सचा निसर्ग उरला नाही. त्याच्या जागी काळोख आला, काळोखातून फुटणारे तांबडे आणि पिवळे आले. हे मंडल्याचे अरण्य होते. १९७१ च्या चित्राचे नाव 'जमीन' आणि १९७२ च्या चित्राचे 'तपोवन', एवढे सांगितले म्हणजे मन कोणत्या दिशेस वळले होते ते कळते. अमूर्त चित्र म्हणजे परदेशातून आणलेली रीत, असा आपल्याकडे समज आहे. रझांच्या बाबतीत तरी क्रम उलट दिसतो. रचना ते परदेशात शिकले. आकार गळून गेल्यावर जे शिल्लक राहिले ते लहानपणी पाहिलेले होते.

तरीही त्यांना समाधान नव्हते. आपल्या कामात आपला देश कोठे आहे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात आले; अजिंठा, वेरूळ, काशी, राजस्थान आणि गुजरात त्यांनी पाहिले. आणि त्या दशकाच्या अखेरीस झारिया मास्तरांचा ठिपका 'बिंदू' होऊन पटावर उतरला. आपल्या वाचकांना बिंदूची ओळख करून देण्याचे कारण नाही. श्रीयंत्राच्या मध्यभागी तो असतो, कपाळीच्या कुंकवात असतो, ओंकारावर असतो. पंचतत्त्वे, प्रकृती-पुरुष, अंकुरण, कुंडलिनी असे विषय पुढे त्यांनी तीसहून अधिक वर्षे रंगविले.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. तोच बिंदू आणि तेच त्रिकोण त्यांनी फार वेळा काढले, मागणी वाढली तशी चित्रांची संख्याही वाढली, असे जाणकार म्हणतात. उत्तरकाळातील काही चित्रे पाहता मलाही ते पटते. रझा मात्र पुनरावृत्तीस जपाची उपमा देत. जपाच्या प्रत्येक आवर्तनात मन सारखेच लागते असे नाही. तरी आपण माळ खाली ठेवीत नाही.

मला स्वतःस त्यांचे १९८१ चे 'माँ' हे चित्र सर्वांत मोलाचे वाटते. त्यात अशोक वाजपेयी ह्यांच्या हिंदी कवितेची एक ओळ देवनागरीत लिहिली आहे. पॅरिसमध्ये बसलेला हा चित्रकार आईला उद्देशून देवनागरी अक्षरे रंगवितो, हे पाहिले की मला आमच्या मशिदीतील शिलालेख आठवतो. चारशे वर्षांचे अंतर असूनही दोहोंत एक साम्य आहे. ह्या भूमीची लिपी वापरताना आपला धर्म सोडावा लागतो, असे ना त्या सुलतानास वाटले, ना रझांस. म्हणून त्यांना हिंदू ठरविण्याचा उत्साह आपणही दाखवू नये. बिंदू त्यांना उसना घ्यावा लागला नाही. तो त्यांना शाळेत मिळाला होता.

आता अखेरचा पुरावा. साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही त्यांनी भारताचे नागरिकत्व सोडले नाही. पत्नी २००२ मध्ये वारली. २०१० च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते दिल्लीस कायमचे परत आले आणि चित्रे काढीत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांचे दफन करण्यात आले. अधिवास पित्याकडून येतो असे कायदा म्हणतो. ह्या मुलाने तो पित्याच्या शेजारी जाऊन पुरा केला.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले. ते काही वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग मंडल्यास जाण्यास येथून गाडी कोणती?" पुढील खेपेस ते यावयाचे आहेत; तेव्हा आम्ही दोघे मिळून नर्मदाकाठी जाण्याचे ठरविले आहे.