वाटाण्याच्या वेलाचा चित्रपट

भारतीय चित्रपटाचा इतिहास १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगण्याचा प्रघात श्रोत्यांस ठाऊकच आहे. परंतु त्यापूर्वीं, १९१२ सालीं, मुंबईंत एक इवलासा चित्रपट तयार झाला होता. वाटाण्याच्या दाण्यास कोंब फुटून त्याचा वेल कसा होतो, एवढाच त्याचा विषय. त्याचे कर्ते धुंडिराज गोविंद फाळके यांनीं तेव्हां चाळिशी ओलांडली होती. तथापि या विद्येंत ते विद्यार्थीच होते.

विमापत्र गहाण ठेवून ते त्या वर्षाच्या फेब्रुवारींत विलायतेस गेले. लंडनजवळील वॉल्टन येथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंतील काम त्यांनीं पाहिलें, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला आणि ते एप्रिलांत परतले. खऱ्या अडचणी पुढेंच होत्या. कोरी फिल्म भोंकांवांचून येई, आणि दांतेरी चाकानें भोंकें धरल्याखेरीज ती पुढें सरकत नसे. एका फुटांत १६ चित्रें; प्रत्येकास दोहों बाजूंस चार चार, म्हणजे फुटामागें १२८ भोंकें! तींहि अंधारांत, केवळ स्पर्शाच्या आधारानें पाडावयाचीं. हें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं शिकून घेतलें.

पुढें पैशाची अडचण आली. नुसत्या कल्पनेवर भांडवल कोण देणार? तेव्हां फाळक्यांनीं मोठी कथा बाजूस ठेविली, कुंडींत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून ठराविक अंतरानें एकेक चित्र घेतलें. येथें नटांस वेतन नको, पोषाख नको, देखावाहि नको. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली, आणि ती पाहून भांडवल मिळालें. सरस्वतीबाईंचे दागिनेहि गहाण पडले.

हरिश्चंद्राच्या वेळीं तारामतीसाठीं स्त्री मिळेना; उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांनीं ती भूमिका केली. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सुमारें ३७०० फुटांचा तो चित्रपट ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लागला.

आज परभणी जिल्ह्यांतील ताडकळससारख्या गांवीं विद्यार्थ्याच्या फोनांतच कॅमेरा असतो. भोंकें पाडण्याचे कष्ट उरले नाहींत. मात्र पैसा नाहीं, नट नाहींत, ही तक्रार अद्याप ऐकूं येते. अशा विद्यार्थ्यानें प्रथम हरिश्चंद्राकडे न पाहतां त्या कुंडीकडे पाहावें. हाताशीं असलेल्या साधनांत पुरा होईल असा विषय फाळक्यांनीं निवडला, आणि तो पुरा करून दाखविला. पुढचें काम त्यामुळेंच उभें राहिलें.