उन्हाच्या जोरावर रंगाच्या पाण्याची सफाई : फोटोकॅटॅलिसिस म्हणजे काय?

इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगमधलं सांडपाणी नीट प्रक्रिया न होता बाहेर पडलं, की त्याचा रस्ता ठरलेला : आधी पंचगंगा, नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा आणि पुढं कर्नाटकातले चिक्कोडी, रायबाग, अथणी तालुके. त्यामुळं पाण्यातला रंग काढायचा कसा, हा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंचा आहे. फोटोकॅटॅलिसिस हा त्यावरचा एक उपाय.

रंग सहज का जात नाही?
कापडाला वापरले जाणारे बरेचसे रंग ‘अझो’ प्रकारचे असतात. ऊन आणि धुणं सोसावं म्हणूनच ते बनवलेले असतात. त्यामुळं ईटीपीच्या टाकीतल्या जिवाणूंना ते सहज पचत नाहीत. चुना-तुरटीनं रंग खाली बसतो, पण नष्ट होत नाही. तो गाळात जातो.

प्रकाश काय करतो?
घराच्या पांढऱ्या पेंटमध्ये असणारा टायटॅनियम डायऑक्साइड इथं २०-३० नॅनोमीटरच्या कणांत वापरतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण इतका बारीक, की एक ग्रॅम पावडरचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो. त्यावर अतिनील किरण पडले, की कणातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. मग पाणी आणि ऑक्सिजनपासून ‘हायड्रॉक्सिल रॅडिकल’सारखे अतिशय क्रियाशील घटक तयार होतात आणि ते रंगाचा रेणू तोडत जातात. क्रिया पूर्ण झाली तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार उरतात. पावडर मात्र खर्ची पडत नाही. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं आणि या विषयाला वेग आला.

मग अडतं कुठं?
उन्हात अतिनील किरण जेमतेम ४-५ टक्के असतात. म्हणून नायट्रोजन वगैरे मिसळून साध्या उजेडातही चालणारे पदार्थ बनवले जातात. गडद पाण्यात उजेड खोलवर जात नाही. रंगाईतलं मीठ आणि सोडा रॅडिकलची ताकद खातात. बारीक पावडर पाण्यातून परत काढणंही अवघड. त्यामुळं ती काचेवर किंवा सिरॅमिकवर बसवतात. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यातल्या मिथिलीन ब्लूवर मिळालेला निकाल कारखान्याच्या सांडपाण्यावर तसाच मिळेल, असं नाही.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं?
नाही. क्रिया अर्धवट राहिली तर पाणी नितळ दिसतं, पण त्यात ॲरोमॅटिक अमाइन्स उरू शकतात. त्यातली काही कर्करोगकारक आहेत. म्हणून डोळ्यांवर न जाता सीओडी आणि एकूण सेंद्रिय कार्बन तपासावा लागतो. शिवाय या पद्धतीनं मीठ कमी होत नाही, आणि जमीन खारवते ती मिठानं. थोडक्यात, फोटोकॅटॅलिसिस हा ईटीपीला पर्याय नाही. ईटीपीनंतर उरलेल्या रंगावरचा शेवटचा हात आहे.